रिपोर्टाआधीचे आभार

रविवार, संध्याकाळ

मी सांगते आणि सून शैला लिहिते. तिच्याच छातीतल्या गाठीचा रिपोर्ट उद्या यायचाय, म्हणून आज जरा जपूनच बोलावं लागतंय.

आमच्या मेथडिस्ट चर्चमध्ये आज हंगामाचा सण होता. लोकांनी ऊस, कणसं, भोपळे वेदीपुढं मांडले. पाळकसाहेब म्हणाले, "आजी, उपकारस्तुतीला तुम्ही उभ्या राहा." रिपोर्ट बघायच्या आधीच आभार कसे मानायचे? तरी उठले.

म्हटलं, "पंधरा दिवस तुमी आमच्या घरी डबे पोचवले, त्याचे आभार. मार्थाच्या आमटीत मीठ नसतं, तरी आभार. रिपोर्टाचं मात्र देवाशी अजून बोलणं चाललंय."

लोक हसले. शैला हसली नाही.

माझी भाची मार्था मागून म्हणाली, "आवं आत्या, उद्या दवाखान्यात मीबी येते. मीठ घिऊन येते."

तेव्हा कुठं शैलाच्या तोंडावर हसू आलं. मला मात्र खाली बसताना बाक धरावा लागला.

लिही शैला, सासूला भीती वाटत न्हाई.

थांबलीस का गं? बरं, वाटते असं लिही. आता पेन ठेव आणि जवळ येऊन बस.