यंत्र थांबवण्याआधी

प्रिय बारके,

रविवारी तू फोन आपटलास. म्हणजे हल्लीचे फोन आपटता येत नाहीत, नुसते बंद होतात, पण मला आवाज ऐकू आला. मी रागावून लिहितोय असं समजू नकोस. फोनवर आपण दोघंही एकमेकांचं वाक्य पुरं होऊ देत नाही, ही आपली लहानपणापासूनची खोड. कागदावर तुला मला मध्येच तोडता येणार नाही, एवढाच माझा फायदा. तेव्हा चहा करून घे, आणि मधूनच उठू नकोस.

तुझा प्रश्न मला शब्दन् शब्द आठवतोय. ‘‘गेल्या वर्षी त्या शिंपीणबाईंना तुम्ही मरणाचं इंजेक्शन नाकारलंत, तेव्हा तूच मला सुनावलं होतंस की जीव आपल्या मालकीचा नसतो. मग आता आईचं डायलिसिस बंद करायची भाषा कशी करतोस, दादा? परक्या बाईला मरू द्यायचं नाही आणि आपल्या आईला द्यायचं, हा कुठला धर्म?’’ प्रश्न रास्त आहे. मी तिथल्या तिथे उत्तर दिलं असतं, पण तू विचारलास तो मला नव्हे, माझ्या झग्याला. झगा जरा हळू बोलतो.

शिंपीणबाईंचं मी तुला तेव्हा अर्धंच सांगितलं होतं. त्यांच्या हाडांत कॅन्सर पसरला होता. आमच्या हॉस्पिटलात मी त्यांच्या खोलीत गेलो की त्या म्हणायच्या, ‘‘फादर, प्रार्थना पुरे. यांना सांगा, मला संपवून टाका.’’ त्यांना मनातून काही वेगळंच हवं होतं, असं मी म्हणणार नाही. त्यांना खरोखरच मरायचं होतं. आम्ही नाही म्हणालो. पण नुसतं नाही म्हणून पाठ फिरवली असती, तर ते पाप झालं असतं. आमच्या मोठ्या सिस्टरनं, म्हणजे जिच्या हाताखाली सगळ्या नर्स आहेत तिनं, औषधांचा कागद बघितला आणि डॉक्टरांना धारेवर धरलं. श्वास मंदावेल या भीतीनं ते दुखण्याचं औषध हात राखून देत होते. सिस्टर म्हणाली, ‘‘आपल्याला दुखणं मारायचंय, बाईंना नाही. दुखणं मरेल एवढं द्या, आणि त्यांच्याजवळ कुणीतरी बसा.’’ कुणीतरी म्हणजे मी. पहिले काही दिवस बाई भिंतीकडे तोंड करून पडायच्या. मग एका सकाळी माझ्याकडे निरखून बघत म्हणाल्या, ‘‘ही बाही कुणी शिवलीय? काढा तो झगा.’’ त्यानंतर त्या महिनाभर होत्या, आणि तेवढ्यात त्यांनी माझे दोन्ही झगे उसवून पुन्हा शिवले. शेवटच्या आठवड्यात सुई धरवेना, तेव्हा मला दोरा ओवायला लावून शिव्या घालायच्या. त्या गेल्या तेव्हा त्यांचा हात माझ्या हातात होता.

आता आईचं. त्या इंजेक्शनचं कामच मुळी मारणं. आईचं यंत्र थांबवलं, तर तिला नेणार तो तिचा आजार, आपण नव्हे. हा शब्दांचा खेळ वाटेल तुला. मलाही शिकताना वाटला होता. पण आजाऱ्यांत इतकी वर्षं वावरल्यावर कळतं, की माणसाला ढकलणं वेगळं आणि त्याला धरून ठेवलेला हात सोडणं वेगळं. आपल्या चर्चनं कधीच सांगितलेलं नाही की जमेल तो प्रत्येक उपाय शेवटच्या श्वासापर्यंत करत राहा. ज्या उपायाचा भार त्याच्या लाभापेक्षा जड झालाय, तो नको म्हणायची माणसाला मोकळीक आहे. आणि तो किती जड, हे ज्याच्या पाठीवर आहे त्यानं सांगायचं. तू नाही, मी नाही. मात्र पाणी, घास, अंग पुसणं, दुखण्यावरचं औषध, सोबत, हे कधी बंद होत नाही. उपचार थांबतात, सेवा नाही.

तू शेवटची आलीस तेव्हा आईचं डायलिसिस नुकतं सुरू झालं होतं. चेहऱ्यावर जरा तजेला होता, म्हणून तू आनंदानं परत गेलीस. पुढचं तुला मी फोनवर थोडंथोडं सांगितलं, आणि आई विचारलं की ‘मजेत’ म्हणते. मजेत म्हणजे कसं, ते ऐक. यंत्राला जोडलं की तिचा रक्तदाब कोसळतो, कारण आता हृदयही थकलंय. पायांत गोळे येतात. ती ओरडत नाही, चादरीचं टोक दातांत धरते. घरी आणल्यावर उरलेला दिवस नुसती पडून असते, दुसऱ्या दिवशी जरा माणसात येते, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा गाडी दाराशी उभी. आणि तहान! किडन्या गेल्यावर पाणी मोजूनच प्यायचं. आयुष्यभर तलावावर शिट्टी फुंकत पोरांना पोहायला शिकवलेली बाई, जिचे केस कधी पुरते वाळले नाहीत, ती आता बर्फाचा खडा गालात धरून बसते आणि तो विरघळू नये म्हणून बोलत नाही. परवा मी नळ सोडून भांडी घासत होतो, तर म्हणाली, ‘‘मोठ्या, नळ बंद कर रे. आवाज ऐकवत नाही.’’

किडनीच्या डॉक्टरांनी मला बाहेर नेऊन सांगितलं, ‘‘यापुढे हे यंत्र तुमच्या आईला जगवत नाहीये. नुसतं थांबवून धरतंय.’’ सगळं ऐकून मी काय केलं असेल? आईला काहीच सांगितलं नाही. शेकडो कुटुंबांना हेच समजावून सांगणारा मी, घरी येऊन तिच्यासाठी पेज करत बसलो.

पण तिला कुणी सांगायला नकोच होतं. दोन आठवड्यांपूर्वीची सकाळ. मी तिची औषधं काढत होतो, तर ती म्हणाली, ‘‘फादर, जरा बसता का?’’ बारके, माझ्या दीक्षेच्या दिवसापासून आजवर तिनं मला फादर म्हटलं नव्हतं. मोठ्या, गाढवा, टोणग्या, सगळं म्हटलं. मला वाटलं चेष्टा चाललीय. पण ती उशीला टेकून सरळ बसली होती आणि म्हणाली, ‘‘तुम्ही आजाऱ्यांना सांगता ते मला सांगा. हे यंत्र मी नको म्हटलं, तर देवाला तोंड दाखवता येईल ना मला?’’ मी म्हणालो, ‘‘आई, बघू नंतर.’’ ती एवढंच म्हणाली, ‘‘बरं, फादर घरी नाहीत वाटतं,’’ आणि डोळे मिटून घेतले.

मी हॉस्पिटलात गेलो आणि मोठ्या सिस्टरपुढे बसून चक्क रडलो. तिनं रडू दिलं. मग म्हणाली, ‘‘फादर, आईंच्या खोलीत फादर म्हणून तुमची गरज नाहीये. तिथे मुलगा पाठवा. फादर मी दुसरे आणते.’’ असे पेच सोडवणारी हॉस्पिटलची जी समिती आहे, तिच्यातून आईपुरता मी उठलो, आणि घरी आमचे म्हातारे फादर आले. स्वतःला धड चालता येत नाही, दोन जिने चढायला त्यांना अर्धी सकाळ लागली. दार लावून ते आईशी बोलले. मी स्वयंपाकघरात उभा होतो, आतून दोघांचं हसणं ऐकू येत होतं. नंतर त्यांनी मला आत बोलावलं, तिच्या कपाळाला आणि तळहातांना तेल लावून आजाऱ्यांचा अभिषेक केला, आणि माझ्यासमोर तिला पुन्हा सांगितलं, ‘‘बाई, तुम्ही मोकळ्या आहात. चालवायचं तर चालवा, थांबवायचं तर थांबवा. दोन्हीकडे देव आहे.’’ आई म्हणाली, ‘‘मग थांबवते.’’ इतकं साधं. बाजारातून आल्यावर पिशवी खाली ठेवावी तसं.

त्यावर मी रविवारी तुला फोन केला आणि तू तो आपटलास. तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. तू पूल बांधणारी बाई. भेग दिसली की ती बुजवायची, टेकू द्यायचा, सोडून जायचं नाही, हा तुझा पिंड. आणि बाबा गेले तेव्हा आपल्याला कुणी काही विचारलंच नव्हतं. सकाळी कामावर गेले ते गेलेच. तेव्हापासून आपल्या घरातलं माणूस आता आपल्याला न विचारता जाऊ द्यायचं नाही, असं तू मनाशी धरलंयस. मला ते माहीत आहे. आपण भांडलो हे मी आईला सांगितलेलं नाही.

आता पत्राचं खरं कारण. मंगळवारी गाडी आली, तेव्हा मी तिला परत पाठवायला दारात गेलो. मागून आई म्हणाली, ‘‘थांब, जायचंय मला.’’ आणि तिथे यंत्रापाशी तिनं तो सुयांनी काळानिळा झालेला हात मुकाट्यानं पुढे केला. गुरुवारीही तेच. काल तिचे केस विंचरताना मी विचारलं, ‘‘आई, तू तर मोकळी झालीस ना? मग?’’ तिनं माझ्या हातातली फणी काढून घेतली. मग म्हणाली, ‘‘बारकीनं जाताना गळ्याची शपथ घातलीय. मी येईपर्यंत यंत्र सोडायचं नाही, स्वतःच्या गळ्याची.’’ मी तेव्हा तुझी बॅग घेऊन खाली गेलो होतो, म्हणून मला ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, ‘‘आई, असल्या शपथा देव मोजत नाही.’’ तर म्हणाली, ‘‘देव नाही मोजत. बारकी मोजते.’’ आणि वर, ‘‘तिला सांगू नकोस, कामात असेल.’’ हे तिनं पापनिवेदनात सांगितलेलं नाही, तसं असतं तर माझ्या तोंडून कधीच निघालं नसतं. ती सांगू नकोस म्हणाली, पण मी बरं म्हटलं नाही. तेव्हा बारके, हे वाचून झालं की तिला फोन कर, तुझे कसलेही युक्तिवाद न करता तिला ‘शपथ सुटली’ एवढंच म्हण, आणि मिळेल त्या गाडीनं निघून ये. तू येईपर्यंत ती बहुधा असेल. सिस्टर दुखू देणार नाही, आणि मी जवळ आहे. तुला तसं म्हणवलंच नाही, तर ती तुझ्यावर रागावणार नाही, हेही सांगून ठेवतो. ती फक्त हात पुढे करत राहील. म्हणून लिहिलं.

तुझाच, आणि या घरात तरी कधीच फादर नसलेला,
दादा