जीपच्या पोटाला माशाचं तेल

सन्माननीय व्याहीबुवांस,

साष्टांग नमस्कार. (गेला आठवडाभर मी जीपखाली उताणा आहे. उताण्याने घातलेला साष्टांग शास्त्रात बसत नाही, तरी गोड मानून घ्यावा.) आपला गुडघा नि विहीणबाईंचं पित्त ताळ्यावर असावं. मनस्वी तुमच्याकडे सुखात आहेच. हल्ली फोनवर आईला सासूचंच कौतुक ऐकवते.

आता तक्रार. गेल्या खेपेस आपण आमच्या जीपला चारचौघांत 'डबा' म्हणालात. चारही चाकांनी ओढणाऱ्या, देवरूखचा चढ न कुरकुरता चढणाऱ्या वाहनास हा शब्द? मी तो मनाला लावून घेतला आणि लेकीला बाळंतपणाला आणायच्या आत गाडीचा खालचा सांगाडा घरच्या घरी रंगवायचा ठरवला.

चाकं काढली, गाडी जांभ्याच्या चिऱ्यांवर टेकवली आणि तारेच्या ब्रशने गंज खरवडायला लागलो. गंजाला संस्कृतात मंडूर म्हणतात नि वैद्य त्याचं भस्म अशक्तपणावर देतात. तिकडे मनस्वी लोहाच्या गोळ्या घेते. इकडे तिच्या बापाच्या डोळ्यांत, नाकात नि चहात तेच औषध फुकट पडत होतं. मग तांबडा रेडऑक्साइड, त्यावर काळा रंग. चासी, स्प्रिंगचे पाटे सगळं असं चकचकलं, की सौ. सुनंदाला वाकून बघायला लावलं. (बघून म्हणाली, "आणि वरचा रंग कधी?")

इथेच थांबायचं. पण शेजारचा बाबल्या मालगुंडाहून, सासुरवाडीहून, होडीला लावतात ते माशाचं तेल घेऊन आला. "मास्तरांनु, ह्येच्यानं व्हडी खाऱ्या पाण्यात सडत नाय, तं तुमची जीप सडंल?" युक्तिवाद निर्दोष वाटला. दोन हात दिले. समुद्रावर मांजरं नसतात, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. चाकं चढवून मी जीपने शाळेला निघालो की वाडीतली समस्त मांजरं मिरवणुकीने मागून. (आणि माझ्या गळ्यात तुळशीची माळ.) सुनंदा म्हणाली, "पोरीला आणायची गाडी ही. तिला साधी फोडणी सोसत नाही, नि तुम्ही..." मी साबणाने सगळं धुऊन काढलं. तेल गेलं, मांजरं आशेवर आहेत.

आपला,
सखाराम

ता. क. सुनंदाने कळवायला सांगितलंय: खोली तयार आहे, डिंक-अळीव आणून ठेवलेत, मिरगाआधी लेकीला न्यायला येतो.

आणखी ता. क. हे सुनंदाला वाचून दाखवलेलं नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमचा मान. यंदा तो तुम्ही मागून घ्या. रत्नागिरीत दवाखाना हाकेवर आहे, सून इथेच राहील, असं तुम्हीच म्हणा. मी म्हटलं तर सुनंदा मोडून पडेल. गेल्या आषाढात आमच्या ओढ्यावरच्या पुलावरून पाणी चाललं होतं. मी हीच जीप घेऊन अलीकडे उभा राहिलो, पुढे घालायचा धीर झाला नाही. तेव्हा मागे नुसती तांदळाची पोती होती. मला भीती वाटते, व्याहीबुवा.