रस्त्याकडे तोंड केलेला सोलर

१४ डिसेंबर
टीव्हीवर शिमल्यात बर्फ पडतंय. परतुरात बर्फ पडत नाही, पण सकाळी बादलीत हात घातला की फरक कळत नाही. आमची लेक अर्पिता बाळंत झाली. मुलगी. बाळ-बाळंतीण पुढच्या रविवारी, २२ला, दवाखान्यातून आपल्याकडे येणार.
संकल्प: नात धुराच्या पाण्याने अंघोळ करणार नाही. बंब जाणार, सोलर येणार. दैवशाला म्हणाली, बंब माझ्या वडलांनी लग्नात दिलेला आहे. मी म्हणालो, आज असते तर त्यांनीही सोलरच दिला असता. ती बंब घासायला उठली. पटलं असावं.

१५ डिसेंबर
शेजारच्या अजमतभाईंचं मोडीचं दुकान आहे. बंब त्यांना देऊन टाकला. मोडीचा माल कुणी इतकं जपून उचलतं का? भला माणूस.

१७ डिसेंबर
सोलर आला. बसवणारा म्हणाला, तोंड दक्षिणेला पाहिजे. दक्षिणेला अजमतभाईंचं अंगण. तिथून कोंबड्यांशिवाय कोण बघणार? रस्ता उत्तरेला आहे. आयुष्यभर पोरांना भूगोल शिकवला, मला दिशा सांगू नको म्हणालो. रस्त्याकडेच बसवून घेतला. लांबून झकास दिसतो.

१८ डिसेंबर
पाणी गार. नवीन मशीन आहे, बिचकत असेल.

२० डिसेंबर
गार. ढगांमुळे. ढग दिसले नाहीत, पण वर कुठेतरी असणार.

२२ डिसेंबर
आले! काल रात्री दोनदा उठून नळाचं पाणी पाहिलं. एवढंसं लेकरू आणि ही थंडी. पण सकाळी फिरून आलो तर बाथरूममधून वाफा. नात न्हाऊन धुरी घेऊन गाढ झोपलेली. दैवशालाला विचारलं, पाणी कसंय? म्हणाली, बराबर कडक. मी जास्त बोललो नाही. फक्त जेवताना, दुपारी आणि झोपताना ‘सांगितलं होतं ना’ एवढंच म्हणालो.

२५ डिसेंबर
रोज वाफा. माझा नंबर शेवटी, तोवर गरम पाणी संपलेलं असतं. घरच्या कर्त्याने एवढा त्याग करायचाच. गार पाण्याने रक्ताभिसरण सुधारतं.

२७ डिसेंबर
रक्ताभिसरण सुधारलं. नाक गळून राह्यलंय, अंगात कणकण. सोमेश्वर सर, शाळेतले जुने सहकारी, त्यांनाही सोलर घ्यायचाय. रविवारी सकाळी डेमोला बोलावलं.

२९ डिसेंबर
डेमोसाठी फिरायला गेलो नाही. नळ सोडला. सोमेश्वर सरांनी हात घातला आणि लगेच काढून खिशात कोंबला. मी म्हणालो, पाइपात हवा अडकली असेल. दोघेही गच्चीवर गेलो.
वरून अजमतभाईंचं अंगण दिसलं. अंगणात बंब. दैवशाला त्यात कापसाच्या पऱ्हाट्या सारत होती, आणि अजमतभाईंच्या घरच्या बदरुन्निसाभाभी आमची बादली भरत होत्या.
खाली जाऊन पाहिलं. बंबावर नाव घातलेलं होतं. मला वाचवेना, सोमेश्वर सरांनीच मोठ्याने वाचलं: चि. काकासाहेब व चि. सौ. कां. दैवशाला यांस, रामराव यांजकडून सप्रेम भेट.
दैवशाला बंबासमोरून उठलीसुद्धा नाही. म्हणाली, “तुमच्या सोलरच्या भरवशावर लेकरू उघडं करू का? बंब मोडीत गेल्ताच न्हाई. तुम्ही फिरायला गेलात की पाणी आणून राह्यलो आम्ही.”
फार लाज वाटली. सोमेश्वर सर म्हणाले, सोलरचा विचार करून सांगतो. जाता जाता असा बंब कुठे मिळेल, ते भाभींना विचारून गेले.

३० डिसेंबर
गरम पाण्याने अंघोळ केली. बादली मीच भिंतीवरून घेतली. नातीची आधी, मग माझी. बंब घरी आणू का, असं दैवशालाला विचारलं. ती म्हणाली, राहू द्या भाभींकडंच. घरी आणला तर तुम्ही त्यात काहीतरी सुधारणा कराल.