पाठीवर लेझर मारून घेतल्याची हकीकत

भद्रावती

ती. गुणाबाईच्या पायांवर धाकट्या भावाचा, दादाजीचा, वाकून नमस्कार. (वाकता येतं, कंबर शाबूत आहे. तक्रार पाठीच्या कातड्याची आहे.) तुझा दमा कसा आहे? धानाची रोवणी आटोपली का? फोनवर सांगितलं असतं, पण तू फोन स्पीकरवर लावून अंगणात ठेवतेस, आणि माझी पाठ साऱ्या गडचिरोलीला ऐकवायची नाही.

तुला ठाऊकच आहे, वनरक्षकाच्या नोकरीत पाठीला खाज सुटली की मी सागाला पाठ घासायचो. (एकदा मोहफुलं वेचणाऱ्या बाया मला अस्वल समजून टोपल्या टाकून पळाल्या. त्या पळाल्या म्हणून मीही पळालो. मला वाटलं, अस्वल माझ्या मागं आहे.) निवृत्त झालो तेव्हा झाडं सुटली, खाज सुटली नाही. मग तुझी भावजय साधना दर रविवारी प्लास्टिकच्या घासणीनं पाठ घासून द्यायची. पाठ तपकिरी होत गेली, वर नदीच्या वाळूवर उमटतात तशा बारीक लाटा. साधना म्हणे, मळ निघतच नाही, आणि दुप्पट जोर लावी.

हेही हसण्यावारी नेलं असतं. पण नातीच्या बारशाला मी शर्ट बदलत होतो, तेव्हा प्रणितच्या सासूनं, शकुबाईनं, पाठ पाहिली. नंतर मी पोरीला घ्यायला हात पुढं केले तर विहीणबाईनं पाळण्याची दोरीच हातात दिली. "झोपली हाये जी, राहू द्या." पोरगी टक्क जागी होती! बाई, वाघाच्या मागावर एकट्यानं फिरलेला माणूस मी, पण त्या दिवशी भरल्या पानावरून उठलो.

नागपूरला कातडीच्या डॉक्टरीणबाईकडं गेलो. तिनं कातड्याचा कण काढून तपासायला पाठवला. कातडीत प्रोटीन साचलंय, असं फोनवर कळलं. लगेच अंडी बंद, तूरडाळ बंद, आठ दिवस नुसता भात आणि चटणी. पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाई म्हणाली, याचा खाण्याशी संबंध नाही, घासण्याशी आहे. पाठ कोण घासून देतं? मी नुसतं साधनाकडं पाहिलं. तेवढंच चुकलं. "इतकी वर्सं हात मोडून घेतले, आन आता मीच गुन्हेगार काऊन?" डॉक्टरीणबाईनं तिला पाणी दिलं. मला नाही.

बाईनं लेझर सुचवला. त्याला डोळ्यांवर काळा चष्मा बांधतात. मग टक् टक् असा आवाज, आणि रबर ताणून कातडीवर सोडावं तसा चटका. पहिल्याच टक्‌ला मी आईला हाक मारली. दाराबाहेरून साधनाचा आवाज आला, "जोर लावा जी, असं नाई निघत ते!" आतापर्यंत चार बैठका झाल्या. रंग बराच उतरला. डॉक्टरीणबाईनं मात्र स्पष्ट सांगितलं की सगळा जाईलच असं नाही, आणि घासलं तर परत येईल. मी एकच विचारलं, हे दुसऱ्याला लागतं का? नाही म्हणाली. मी तिच्याकडून तसं लिहून घेतलं, कागद लॅमिनेट केला आणि थेट शकुबाईच्या हाती दिला. विहीणबाईनं तो दोनदा वाचला. "मले कोणी सांगतलंच नाई भाऊ," म्हणाली, डोळ्याला पदर लावला आणि पोरगी माझ्या मांडीवर ठेवली. दोन मिनिटांत पोरीनं धोतर भिजवलं. मी तासभर हललो नाही.

तुझा,
दादाजी

ता. क. : खरं काम हे. बारशाला पाय धुताना तुझं लुगडं वर झालं, तेव्हा तुझ्या नडग्या दिसल्या. काळ्या, दाणेदार, खाजवून खरखरीत. म्हशीनं लाथ मारली असं तू सांगतेस, पण म्हैस विकून नऊ वर्षं झाली, बाई. हे भावंडांत असू शकतं म्हणतात. डॉक्टरीणबाईकडं तुझाही नंबर लावला आहे.

आणखी ता. क. : अजिबात दुखत नाही.

साधनानं वाचलं. खोटं लिहू नका म्हणते. बरं, दुखतं.

शेवटचं : तोंडावर बोलायला जीभ रेटत नव्हती म्हणून लिहून आणलं. वाचून झालं असेल तर चष्मा काढ. मी समोरच बसलो आहे. चपला घाल, अकराची बस चुकेल.