अथेन्सवाल्या देवीचं माहेरपण

मी, पुतळीबाई काळुराम म्हात्रे, वय बहात्तर, राहणार वडखळजवळ, तालुका पेण, पूर्ण शुद्धीवर असून, कोणाच्याही दडपणाखाली नसून (या घरात दडपण मीच आणते), पुढील मृत्युपत्र सांगून लिहून घेत आहे.

१. राहते घर व मिठागरातला माझा हिस्सा मुलगा जगन याला. मीठ ओढायची फळीही त्यालाच. तो कंपनीत शिफ्टला जातो, त्याला तिचा उपयोग नाही, तरी फेकू नये.

२. देव्हाऱ्यातला चांदीचा टाक आमच्या मालकांना मिठागराचा बांध घालताना चिखलात सापडला. मुकुटवाली बाई दिसली म्हणून कुलदेवीशेजारी बसवली. वर्षानुवर्षं हळदकुंकू वाहिलं. मग पेणचे एक प्रोफेसर भिंग लावून म्हणाले, "आजी, हे अथेन्स शहराचं जुनं नाणं आहे. देवी ग्रीस देशाची."

मी म्हटलं, "अगो बाय! एवढ्या लांबची, आन् माहेरचा कोन न्यायला नाय आला?"

माझे दीर हैबतराव यांनी टाक उलटा केला आणि मागचं घुबड बघून बोंब मारली, "वहिनी, घरात घुबड बसवलंस गो!" अहो, ते तिचं वाहन. वाहन असूनही बिचारी माहेरी गेली नाही, हे त्यांच्या डोक्यात शिरलं नाही. सबब हैबतरावांना काहीही मिळणार नाही. प्रसादसुद्धा मागच्या दाराने द्यावा.

३. टाक विकू नये. सून रंभा हिने रोज पुजावा.

४. अथेन्सला इथून गाडी नाही, असे जगनने रोहा स्टेशनात विचारून सांगितले. म्हणून माझं माहेर तेच तिचं. माझा भाऊ केरू, राहणार निडी, याने दर भाऊबीजेला येऊन देवीला न्यावे, चार दिवस ठेवावे, ओटी भरून पोचती करावी. वडिलांच्या शेतावरून बिनसल्यापासून केरूने मला बोलावलेलं नाही. शेत त्यालाच राहू दे मेल्याला. राग आहेच. पण आठवण फार येते, हेही लिहा. खोडू नका.

५. कलम चार मी मेल्यावर लागू होईल, असे वकील म्हणतात. मला ते मान्य नाही. ते याच भाऊबीजेपासून लागू व्हावे. देवी परदेशी, तिला इथले रस्ते ठाऊक नाहीत. मी जिवंत असेतोवर सोबतीला मी येईन. केरूने दोन पाट मांडावेत.

पुतळीबाई काळुराम म्हात्रे, निशाणी डावा अंगठा

साक्षीदार: शिवा जनू पाटील, काशीबाई सखा ठाकूर

ठिकाण: पेण. तारीख: १७ ऑक्टोबर १९९४

नक्कल: केरू, निडी. आजच हातात द्यावी.