हिलालचा पंजा

४ नोव्हेंबर १९९५

पोचलो एकदाचा सुरतेला. मुकुंदराव स्वतः स्टेशनवर आले होते. मला त्यांनी पूर्वी कधी पाहिलेलं नाही, तरी गर्दीतून थेट माझ्यापाशी आले. म्हणाले, देवस्थळी, या वयात लोखंडी ट्रंक घेऊन नोकरीवर रुजू व्हायला येणारा दुसरा कोण असणार! पुण्याच्या सरकारी केंद्रात आयुष्यभर लोकांना कृत्रिम पाय, हात, पोलिओच्या पायांना कॅलिपर करून दिले. निवृत्त झालो, पत्नी शकुंतला गेली आणि घरात करमेनासं झालं. मुकुंदराव बँकेतून निवृत्त होऊन इथल्या कृत्रिम पायांच्या ट्रस्टचे सेक्रेटरी झालेत. त्यांनी पत्र पाठवून बोलावलं, मी निघालो.

कार्यशाळा उधन्याच्या बाजूला आहे. दिवसभर यंत्रमागांची खडखड. शाळेत गुरुजी डस्टरने टेबलावर ताल धरून वृत्तं शिकवायचे, तेव्हापासून मला कुठल्याही आवाजात लघु-गुरू ऐकू येतात. माणसांच्या चालण्यातही. लंगडणारा माणूस म्हणजे मात्रा चुकलेली ओळ. ती दुरुस्त करून देणं, एवढंच मी जन्मभर केलं.

९ नोव्हेंबर

हाताखाली सुकदेव आहे. अमळनेरकडचा, बोलताना निम्मं अहिराणी, निम्मं गुजराती. कृत्रिम पायांना खाली बसवायचे, बाहेरून विकत येणारे रबरी पंजे पाहिले. गुळगुळीत, मुके. त्यात पाऊल कुठे आहे? सुकदेवने माझं तोंड पाहिलं आणि माळ्यावरून गोणपाटात गुंडाळलेला ॲल्युमिनियमचा साचा काढला. माझ्याआधीचा कारागीर हिलाल मिस्त्री, त्याने स्वतःच्या उजव्या पावलावरून ओतलेला. काय साचा! शिरा, टाचेच्या भेगा, अंगठ्याहून किंचित लांब असलेलं शेजारचं बोट. गावात कितीतरी लोक हिलालच्या पावलावर चालताहेत, असं सुकदेव म्हणाला.

संध्याकाळी मुकुंदरावांनी तो साचा टेबलावर पाहिला आणि लगेच वर ठेवायला लावला. तक्रारी आल्या होत्या म्हणे. सुकदेव खाली मान घालून पट्टे कापत राहिला.

२१ नोव्हेंबर

उज्ज्वला आली, आई सरलाबाईंबरोबर. कामरेजला ट्रकखाली उजवा पाय गुडघ्याखालून गेला. बालवाडीत शिकवायची, ते सुटलं. मुलांमागे धावता आलं तर परत घेऊ, असं तिथल्या बाई म्हणाल्या आहेत. विकतच्या पंजावर चार पावलं टाकली आणि डोळ्यांत पाणी आलं तिच्या.

मुकुंदराव लग्नाला नाशिकला गेले आहेत. साचा मी खाली काढला. चांगल्या वस्तूला माळ्यावर कुजवायचं हे मला पटत नाही. तक्रारी कसल्या, तेही कुणी सांगत नाही. रबर भट्टीतून निघालं तेव्हा पंजा अगदी जिवंत दिसत होता.

२ डिसेंबर

उज्ज्वला चालली! आधी समांतर दांड्या धरून, मग दांड्या सोडून, मग अंगणात. सरलाबाई म्हणाल्या, “आबा, पाय दिधा का घोडा दिधा?” सगळे हसलो. शेजारच्यांनी पोंक, म्हणजे इकडचा हुरडा, आणला होता, तो शेव घालून खाल्ला. मुकुंदरावांना काही सांगितलं नाही.

एक गोष्ट मात्र खटकली. तिच्या पावलाचा ताल तिचा नाही. दोन लघु, एक लांबलेला गुरू, मग किंचित थांबून पुढे. तरुण मुलीचं पाऊल असं पडत नाही.

१४ डिसेंबर

पट्टा घट्ट करायला उज्ज्वलाने पाय इथे ठेवला होता. पंजा मी सरळ बसवला होता, आज पाहतो तर बोटं उजवीकडे वळलेली, खिडकीच्या दिशेने. सुकदेवला विचारलं. त्याने हात लावला नाही म्हणे. पण त्याच्याशिवाय इथे असतं कोण? हिलालच्या जागी मी आलो हे त्याला रुचत नसेल कदाचित.

२० डिसेंबर

सुकदेववर उगाच आळ घेतला. बोल्टवर नि पंजावर शाईची आडवी रेघ मारून ठेवली होती. आज रेघ जशीच्या तशी, जराही तुटलेली नाही. बोल्ट फिरलेलाच नाही. रबरच आतून पिळलं गेलं आहे, झोपेत माणसाचं पाऊल वळावं तसं. पाय उलटा करून दुसऱ्या भिंतीशी ठेवला. जेवून आलो तो बोटं पुन्हा खिडकीकडे.

खिडकी पश्चिमेला आहे. त्या बाजूला तापी, पुढे इच्छापोर, हजीरा. आणखी काय आहे तिकडे?

२९ डिसेंबर

सुकदेवला हिलालबद्दल विचारलं. बोलायला तयार नव्हता. गेल्या साली प्लेगच्या दिवसांत अर्धी सुरत पळाली, तेव्हा हिलालच्या अंगात ताप होता. लोकांनी गृहीत धरलं की तोही गावी गेला. दिवाळीनंतर त्याची बायको शोधत आली, तो घरी पोचलाच नव्हता. मुकुंदरावांनी तिला सांगितलं, मी स्वतः त्याला गाडीत बसवलं.

त्यानंतर दोघे जण पंजे परत घेऊन आले. पाय भलतीकडे ओढतो म्हणत होते. मुकुंदरावांनी ते पंजे भट्टीत टाकले.

तापातल्या माणसाला त्या गर्दीत गाडीत कुणी चढू दिलं असेल?

९ जानेवारी १९९६

सरलाबाई घाबऱ्याघुबऱ्या आल्या. काल भरदुपारी उज्ज्वला भाजी आणायला निघाली ती पार हजीरा रोडवर सापडली. ट्रक करकचून ब्रेक मारत होते आणि ही मधोमध चालत होती. मला एवढंच म्हणाली, “आबा, हाऊ पाय मनं ऐकत नही.”

तिचं न ऐकणारा तो पाय काढून घ्यायला हात पुढे केला तर तिने पट्टा घट्ट धरला. वीस तारखेला बालवाडीच्या बाई तिचं चालणं बघणार आहेत. तोवर राहू द्या म्हणाली. मी विरघळलो. तिला एकटं सोडायचं नाही, एवढंच सरलाबाईंना बजावलं.

मुकुंदरावांपाशी मला सगळं कबूल करावं लागलं. मुलगी हायवेवर भरकटली, असं म्हणालो. ते पांढरे पडले. पहिलं विचारलं ते हे: “गोडाऊनच्या आत गेली नाही ना?”

मी गोडाऊनचं नावही काढलं नव्हतं.

११ जानेवारी

ट्रस्टचं जुनं गोडाऊन इच्छापोरला आहे. प्लास्टरच्या गोणी ठेवायचे तिथे. सुकदेव सांगतो, प्लेगनंतर मुकुंदरावांनी कुणाला तिकडे फिरकू दिलेलं नाही. माल ओला होऊन दगड झाला, असं म्हणतात.

मुकुंदराव आजकाल माझ्याकडे टक लावून बघतात. चहा पाठवला होता. ओतून टाकला.

१७ जानेवारी

बसस्टॉपवर शेंगदाणेवाला. उजवा पाय हिलालच्या हातचा. टोपली रस्त्यात टाकून निघाला होता. पश्चिमेला. दोन लघु, लांब गुरू, थांबा. मी दंड धरला. माझ्याकडे वळला तो फक्त चेहरा, रडवेला. पाय चालतच होते. मला ओढत नेलं थोडं. मग माझाच हात सुटला.

रस्त्यापलीकडे आणखी एक बाई. तोच ताल.

१९ जानेवारी

गोडाऊनमध्ये आहे. वही खिशात होती म्हणून —

उज्ज्वला दुपारपासून दिसेना. सरलाबाई पाण्याला गेल्या तेवढ्यात. मी रिक्षा करून सरळ इथे आलो. दारावर हात आपटत होती. तळवे सोललेले. गंजलेलं कुलूप दगडाने तोडलं. दोघं आत.

गोणी फुटून प्लास्टरचा ढीग. थिजलेला, पांढरा, माणसाच्या लांबीचा. एका टोकाला पोपडा निघालेला. आत पाऊल. अंगठ्याहून लांब बोट.

मुकुंदराव दारात कधी आले कळलं नाही. शांतपणे म्हणाले, “ताप होता त्याला. माझ्या घरात लेकरं होती, देवस्थळी. त्याला इथे बंद करून नाशिकला गेलो. आलो तेव्हा — तुम्ही काय केलं असतं?”

त्यांनी दार ओढलं. बाहेरून सळई घातली.

उज्ज्वलाचा पट्टा सोडला. पाय दूर फेकला. तिला पाठीशी घेतलं आहे. उद्या वीस तारीख, म्हणते.

झरोक्यातून थोडा उजेड —

बाहेर पावलं. खूप. एकाच तालात. वर्गाने मिळून कविता म्हणावी तशी.

मुकुंदराव कुणाची तरी गयावया करताहेत. हिलाल म्हणताहेत. हिलाल, तू ऐक —

आता आवाज नाही त्यांचा. पावलं मात्र पडताहेत. जागच्या जागी.

सळई निघाली.

दार उघडलं. हिलालचे पंजे लावलेले सगळे उभे आहेत. शेंगदाणेवाला हात जोडून रडतो आहे. म्हणतो, साहेब, आम्हाला धरा, आम्हाला थांबवा — त्यांच्या टाचा रक्ताने लाल —

आत येताहेत. ढिगाकडे. आमच्याकडे बघत नाहीत. बघवत नाही त्यांना.

ढीग तडकतो आहे.

उज्ज्वला ओरडली. तो पाय फेकला होता तिथे नाही. पट्टा मी स्वतः सोडला होता, आता तिच्या गुडघ्यावर परत आवळला जातो आहे, मी दोन्ही हातांनी धरला आहे, वही खाली ठेवून पुन्हा —