सुलतानपूरले गाडी थांबते

बाबा,

मागच्या मंगळवारी सकाळी मी देवपूजा उरकली, मागच्या खोलीत गेलो, दार लोटून घेतलं आणि फोन तोंडाशी धरून तुमच्या आवाजात बोललो. ठरवून बोललो. "सुलतानपूरले गाडी धा मिनिट थांबते," एवढं एकच वाक्य, तीन वेळा. पहिल्यांदा माझाच आवाज आला, कचेरीतला, कोरडा. दुसऱ्यांदा जरा सैल सोडला. तिसऱ्यांदा घसा खाली ओढला, 'थांबते'वर तुम्ही टेकायचात तसा टेकलो, आणि जमलं. पुण्याच्या एका मुलाला ते वाक्य कसं म्हणायचं ते शिकायचं होतं. पुढच्या महिन्यात तिकडे एक कार्यक्रम आहे, त्यात तो कंडक्टरचं सोंग आणणार आहे, लोकांनी हसावं म्हणून. तो कंडक्टर म्हणजे तुम्ही. हे त्याला ठाऊक नाही. मला ठाऊक आहे, आणि तरी मी खोलीचं दार लोटून घेतलं होतं.

तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली, तेव्हा हे सगळं मुळापासून सांगावं लागेल. आता फोनवर माणसांचे गट असतात. कोणी भजनाचे, कोणी सोयाबीनच्या भावाचे, कोणी नुसते सकाळी फुलं पाठवणाऱ्यांचे. मी ज्या गटात आहे तो तुमच्या आवडत्या रहस्यकथाकाराच्या वाचकांचा आहे. हो, तोच, ज्याच्या पातळ कागदावरच्या कादंबऱ्या तुम्ही स्टँडवरच्या स्टॉलवरून आणायचात आणि खाकी शर्टाच्या खिशात गुंडाळून ठेवायचात. तुम्हाला वाटायचं त्या तुम्हीच एकटे वाचता. तसं नव्हतं. पुण्यात, नाशकात, नागपुरात, पार परदेशातसुद्धा त्या वाचत मोठी झालेली माणसं आहेत आणि ती दिवसभर त्यावरच बोलतात. कुठल्या मुखपृष्ठावर बाईच्या हातात पिस्तूल उलटं होतं, कुठल्या गोष्टीवरून कुठला सिनेमा चोरला, आजकालच्या मालिकांमधला गुप्तहेर त्याच्यापुढे कसा बावळट दिसतो. मला तिथं सगळे 'विदर्भ प्रतिनिधी' म्हणतात. चेष्टेनं म्हणतात, पण प्रेमानंही. खरं सांगतो, कचेरीत वीस वर्षं काढून मला जेवढी माणसं ओळखत नाहीत तेवढी तिथं ओळखतात. मी दोन दिवस काही लिहिलं नाही तर कोणी तरी विचारतं, प्रतिनिधी कुठे गेले?

तुमची पेटी मी कधी टाकली नाही. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात कागदांना ओल धरली म्हणून सगळी पुस्तकं उन्हात मांडली, तेव्हा ती लोणारच्या सरोवरावरची कादंबरी हाती आली. मेहकरच्या स्टँडवर सहा वाजता दिसलेला माणूस पावणेसातला लोणारला उतरून खून करतो, तेही एस.टी.नं येऊन, आणि शेवटी फासावर जातो. त्या पानाच्या कडेला तुमची पेन्सिल: "सुलतानपूरले गाडी धा मिनिट थांबते. जालन्याच्या गाडीची सवारी घ्या लागते. हा मानूस सातच्या आंदर पोचूच शकत नाई. याले उगीच फासावर चढवलं." शाळेत तुम्ही पुस्तकी मराठी शिकला होतात, हजेरीचे अर्ज त्याच भाषेत लिहायचात. पण पेन्सिल हातात आली की बोलायचात तसं लिहायचात. मी त्या पानाचा फोटो काढला आणि गटावर टाकला. वर लिहिलं, रद्दीत एक जुनी प्रत मिळाली, कुणा अज्ञात वाचकाची टीप बघा.

अज्ञात. हा शब्द मी विचार करून निवडला होता.

त्या दिवशी गटावर एवढी गंमत झाली की तेवढी मी कधी पाहिली नव्हती. कोणी म्हणालं, एवढं ठाऊक म्हणजे हा कंडक्टरच असणार, आणि लेखकापेक्षा हुशार. कोणी म्हणालं, हा माणूस न्यायाधीश व्हायला हवा होता. नाशकाच्या एकीनं तुमचं अक्षर कापून, त्यावर कंडक्टरची टोपी आणि तिकिटांची पेटी काढून चित्र बनवलं. आता ते चित्र सगळ्यांच्या फोनात आहे. कुठल्याही सिनेमात काही न पटणारं दिसलं, नायक तीन मिनिटांत मुंबईहून दिल्लीला पोचला, की कोणी तरी तुमचं अक्षर टाकतं: सुलतानपूरले गाडी थांबते. पुढे ते लिहायचीही गरज उरली नाही. नुसतं 'सुलतानपूर' म्हटलं की पुरे. सुलतानपूर म्हणजे गोष्टीतलं भोक, असा अर्थ झाला. पुण्याची मंडळी तो 'ले' लांबवून म्हणतात आणि हसतात. एकानं आवाज रेकॉर्ड करून टाकला, "काऊन बे लेखका, मले इचारलं काऊन नाई?" तुम्ही कधी कोणाला बे म्हटलं नाही. पासिंजरला तर नाहीच. मी खाली हसण्याची चार तोंडं टाकली.

मला तेव्हा वाईट वाटलं का, हे मी स्वतःला खूपदा विचारलंय. सुरुवातीला नाही वाटलं. उलट काही तरी फिटल्यासारखं वाटलं. तुमची ती दहा मिनिटं माझ्या छातीवर कितीतरी वर्षं होती. आता ती सगळ्या जगाच्या हसण्यावारी गेली, हे मला आवडलं. मुलानं बापाबद्दल असं लिहू नये. पण खोटं लिहायचं असतं तर हे पत्रच कशाला.

घरातले तुम्ही मात्र मला नेमके आठवता. सुट्टीच्या दिवशी स्वयंपाकघरात भिंतीला पाठ लावून बसलेले. आई भाकऱ्या थापते आहे, तुम्ही मोठ्यानं वाचता आहात, आणि शेवटची चार पानं उरली की पुस्तक मिटून आईला विचारता, सांग, कोणं केला खून. आईचं उत्तर ठरलेलं असे. "डॉक्टरच असन." डॉक्टर गोष्टीत नसला तरी डॉक्टरच. का, तर माणूस मेला की तोच पहिल्यांदा येतो. तुम्ही इतके हसता की आई तव्यावरची भाकरी विसरते आणि मग तुम्हालाच बोल लावते. मी उंबऱ्यावर पाढे घोकत बसलेलो. मला तुम्ही कधी विचारलं नाही, खुनी कोण ते. मला विचारायचात ते एवढंच, की अभ्यास झाला का.

तर मंगळवारचं. मी रेकॉर्ड केलेलं ऐकून बघत होतो, नीट आलंय की नाही ते. आवाज जरा मोठा राहिला असावा. दार उघडलं आणि तुमची सून आत आली. हात कणकेनं भरलेले. ती दारातच थांबली आणि म्हणाली, "हा मामाजीचा आवाज व्हय ना? कुठी भेटला तुमाले?"

तिनं पुन्हा लावायला सांगितलं. मी लावला. ती खाली बसली, मनगटानं डोळे पुसले आणि म्हणाली, मामाजी बस लागली की स्टँडवरून असेच हाक द्यायचे, मी नवी नवरी होते तेव्हा माहेरी जाताना खिडकीजवळची जागा धरून ठेवायचे. मग उठली. "पुसू नका हा. जपून ठेवजा," असं म्हणून पुन्हा कणकेकडे गेली.

तो आवाज मी पुण्याला पाठवला नाही. त्या मुलाचे दोन निरोप आले, काका, झालं का? मी लिहिलं, घसा बसलाय. आणि चार दिवस मी तुमच्याशी मनातल्या मनात भांडत राहिलो. सुलतानपूरवरूनच.

ते भांडण एकदा कागदावर यायला हवं. मी बावीस वर्षांचा. लोणारच्या एका शाळेत शिक्षकाची जागा निघालेली, अकराला मुलाखत. मेहकरहून तुमचीच गाडी. माझ्याबरोबर कॉलेजातली दोन पोरं, तीही त्याच मुलाखतीला निघालेली, इस्त्रीचे शर्ट घालून. तुम्ही मागून तिकिटं फाडत येता आहात. तुमच्या बगलेत पुस्तक, कानावर पेन्सिल. त्यातला एक मला कोपरानं ढोसतो, "हा कंडक्टर बी मुलाखतीले येऊन राह्यला का बे?" मी हसतो. तुम्ही आमच्या बाकापाशी येता. मी तुमच्याकडे न बघता नोट पुढे करतो आणि म्हणतो, "एक लोणार."

तुम्ही माझ्याकडे क्षणभर पाहिलंत. मग तिकीट फाडलंत, टोचा मारलात, सुटे मोजून माझ्या हातात ठेवलेत आणि पुढच्या बाकाकडे गेलात.

सुलतानपूरला गाडी थांबली. सगळे उतरले, मीही. दहा मिनिटांनी तुम्ही दारात उभे राहिलात. मी धावत येत होतो, तुम्ही मला पाहिलंत. आपली नजरानजर झाली, हे मी कोणत्याही देवाची शपथ घेऊन सांगेन. तुम्ही घंटीची दोरी दोनदा ओढलीत आणि गाडी निघाली. पुढची गाडी सव्वा तासानं. मी पोचलो तेव्हा मुलाखती संपल्या होत्या. त्या दोघांपैकी एक आज तिथं मुख्याध्यापक आहे. मी पंचायत समितीत लिपिक झालो, चार वर्षं खेटे घालून.

घरी मी सांगितलं, मुलाखतीआधी मारुतीच्या पाया पडायला गेलो होतो, तेवढ्यात बाबांनी गाडी सोडली. आई तुमच्याशी दोन दिवस बोलली नाही. काका येऊन तुम्हाला बोलून गेले, देवाच्या दारात गेलेल्या पोराला सोडून जाणारा कसला बाप. सगळ्या भावकीत ते झालं. तुम्ही कोणालाच उलट उत्तर दिलं नाहीत. मला मात्र गोठ्याजवळ एकटा गाठून म्हणालात, "धा मिनिटं झाले होते. अन् तू त पासिंजर होता ना."

बस, तेवढंच. 'एक लोणार' हे तुम्ही आईला मरेपर्यंत सांगितलं नाहीत. सांगितलं असतं तर तुमच्या ताटातले सगळे बोल माझ्या ताटात आले असते.

आणि बाबा, मी मारुतीच्या देवळात गेलोच नव्हतो. मी चहाच्या टपरीमागे उभा होतो. तुम्ही दारात उभे राहून सवारीला हाका मारत होतात, ते दोघं तुमची नक्कल करत होते, आणि ते आत चढून बसल्याशिवाय मला तुमच्या अंगावरून आत जायचं नव्हतं. ते चढले, तेव्हा वेळ संपली होती. त्यानंतर दर शनिवारी मी मारुतीला तेल घालतो, पण त्याच्या नावावर खपवलेलं ते खोटं मला त्याच्यापुढे कधी काढता आलं नाही. आज तुमच्यापुढे काढतोय, कारण तुम्ही ऐकत नाही.

तरीही तुम्ही ती दोरी ओढायला नको होती. मी पासिंजर झालो होतो, पण तुम्ही कंडक्टर झाला नसता तर चाललं असतं. हे मी अजून म्हणतो. माफ केलंय असं लिहिलं तर ते आणखी एक खोटं होईल.

काल एकादशी होती. संध्याकाळी हरिपाठ म्हणून झाला आणि मी तिथंच बसून फोन उघडला. गटावर कार्यक्रमाचीच चर्चा चालली होती. टोपी कोणाकडे मिळेल, तिकिटाची पेटी भाड्यानं आणायची का, प्रतिनिधींचा सत्कार शाल देऊन करायचा की पुस्तक. नागपूरच्या एका म्हाताऱ्या बाईंनी मध्येच विचारलं होतं, तो टीप लिहिणारा माणूस कोण असेल हो, कोणी शोधलं का? त्यांना कोणी उत्तर दिलं नव्हतं. खाली त्या मुलानं पुन्हा विचारलं होतं, काका, घसा बरा झाला का?

मला माहीत आहे की हे सांगितल्यावर तिथं माझी जागा राहणार नाही. ते वाईट वागणार नाहीत, भली माणसं आहेत. क्षमा मागतील, ते चित्र काढून टाकतील, आणि मग माझ्यासमोर जपून बोलतील. जिथं जपून बोलतात तिथं कोणी राहत नाही. दोन वर्षं मला कोणी तरी रोज हाक मारत होतं, ती हाक जाईल. माझ्याकडे तशी दुसरी नाही.

मी लिहिलं, ती प्रत रद्दीत मिळालेली नाही, आमच्या घरातली आहे. ते अक्षर माझ्या वडिलांचं आहे. मी ते लपवलं, आणि तुमच्यापेक्षा जास्त मीच हसलो. आवाज पाठवणार नाही. सत्काराला येणार नाही. माझ्या वडिलांनी त्या गोष्टीतल्या माणसाला फासावरून सोडवलं होतं, एवढं मात्र कार्यक्रमात कोणी तरी वाचून दाखवा.

खाली वडिलांबद्दल एक ओळ हवी होती. पहिल्यांदा मी 'ते राज्य परिवहन सेवेत होते' असं लिहिलं. बराच वेळ ते तसंच होतं, बोट त्यावर ठेवून मी बसलो होतो. मग ते खोडलं, 'कंडक्टर होते' असं लिहिलं, आणि पाठवलं.